शेवटून तिसरं अक्षर

मुलांनो, शाळेतला बक्षीस समारंभ तुम्हांला आठवत असेलच. पाहुणे खुर्चीत बसलेले असतात, टेबलावर ढाली आणि करंडक चकाकत असतात आणि एक बाई माईकवरून एकेक नाव पुकारत असतात. आपलं नाव आलं की काय आनंद! नाही आलं की दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवायच्या आणि लाल झालेले तळहात घेऊन घरी यायचं.

पण पुकारायच्या नावांची ती यादी लिहितं कोण, असा प्रश्न तुम्हांला कधी पडलाय का? एक वर्षभर ती यादी मी लिहीत होते. त्या वर्षाची ही हकिगत. तिच्यात माझी एक चूकही आहे. तीही सांगणार आहे.

आधी माझी थोडी ओळख. मी डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका. सातारा जिल्ह्यातल्या एका लहानशा शाळेत चार वर्षं शिकवलं. मग लग्न झालं आणि मी शारजाला आले. शारजा म्हणजे संयुक्त अरब अमिरातीतल्या सात अमिरातींपैकी एक, दुबईला अगदी खेटून असलेली. तुमच्या बाबांना विचारा, ते लगेच ओळखतील. १९९८ साली वाळूच्या वादळानंतर सचिन तेंडुलकरने ऑस्ट्रेलियाविरुद्ध शतक ठोकलं, ते याच गावात!

माझी शाळा म्हणजे भारतातल्या एका शिक्षणसंस्थेची इथली शाखा. आखाती देशांत अशा शाखा पुष्कळ आहेत. नोकरीसाठी आलेल्या भारतीय लोकांची मुलं तिथे शिकतात. पुस्तकं आणि परीक्षा भारतातल्याच, सीबीएसईच्या. शाळा मात्र परदेशात. आमच्या शाळेत वर्गशिक्षिका व्हायला बी.एड. लागतं. माझं डी.एड. तिथे कुणाच्या फारसं ओळखीचं नव्हतं. म्हणून मी तिसरीच्या वर्गावर मदतनीस शिक्षिका. खरं सांगू? सुरुवातीला मला याचं फार वाईट वाटायचं. दोन वर्षं घासून केलेला अभ्यास, ते सरावपाठ, ती पाठ-टाचणं, सगळं समुद्राच्या पलीकडेच राहिलं असं वाटायचं.

या शाळेच्या गमतीजमती ऐकल्या तर तुम्हांला हेवा वाटेल. शारजात २०२२ पासून आठवड्याला चारच दिवस शाळा भरते. शुक्रवार, शनिवार, रविवार सुट्टी! (हुरळून जाऊ नका, त्या चार दिवसांत मुलांना चांगलं पिदडतात.) शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि उन्हाळ्याची सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये असते. इंग्रजी आणि हिंदीबरोबर अरबीही शिकावीच लागते. अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यामुळे तिची वही मागच्या बाजूने उघडते. आकड्यांची तर आणखीच मजा. अरबी लिपीतला पाच आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि शून्य म्हणजे नुसता एक ठिपका! हा पाच लक्षात ठेवा हं, पुढे तो एक घोटाळा करणार आहे.

तर २०२४ च्या एप्रिलमध्ये नवं वर्ष नुकतंच सुरू झालं होतं. पर्यवेक्षिका मॅडमनी मला बोलावलं आणि निळ्या कव्हराची एक जाड नोंदवही माझ्या हातात ठेवली. तिच्यात चार रकाने आखलेले होते. नाव, इयत्ता, स्पर्धा, क्रमांक.

"वर्षभरात आपली मुलं जे जे यश मिळवतील ते इथे लिहायचं," त्या म्हणाल्या. "मार्चमध्ये हे सगळं भारतात मुख्य संस्थेकडे जातं. सगळ्या शाखांचे अहवाल एकत्र छापले जातात. आपली शाखा मागे दिसता कामा नये."

माझं अक्षर बरं आहे, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. मी खूश! निदान वहीत तरी मी मदतनीस नव्हते.

पण पहिली नोंद व्हायच्या आधीच वेगळंच घडलं. १६ एप्रिल २०२४ ला पाऊस आला. दुबईत वर्षभरात सगळा मिळून शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या वेळी एका दिवसाच्या आत अल ऐनजवळच्या एका ठिकाणी २५४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. १९४९ पासूनच्या नोंदींत एवढा पाऊस या देशात कधी झाला नव्हता. दुबईचा विमानतळ पाण्यात, हमरस्ते पाण्यात! शारजाच्या काही वस्त्यांत तर आठवडा उलटला तरी पाणी हटलं नाही. शाळा घरून, संगणकाच्या पडद्यावर सुरू झाल्या.

आमच्या इमारतीची वीज गेली, लिफ्ट बंद पडली. खाली कमरेएवढं पाणी. आमच्याच शाळेतला, नववीतला एक मुलगा त्याच इमारतीत राहतो. तो आणि त्याची बहीण दिवसभर जिना चढत-उतरत होते. पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या वरच्या मजल्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांना पोचवत होते. मी दारात उभी राहून त्यांना "शाबास रे!" म्हटलं आणि दार लावून घेतलं. निळ्या वहीची मला त्या वेळी आठवणही झाली नाही.

पाणी ओसरलं, शाळा भरली आणि वही भरू लागली. १३ मे ला दहावी-बारावीचे निकाल लागले. पहिली काही पानं त्यातच गेली. मग गणित ऑलिम्पियाड, स्पेलिंगची स्पर्धा, बुद्धिबळ, २१ जूनच्या योगदिनाची प्रात्यक्षिकं, सुट्टीनंतर पोहणं, धावणं, चित्रकला. नोव्हेंबरमध्ये शारजाचा मोठा पुस्तक मेळा भरतो. त्या वर्षीचा त्रेचाळिसावा होता. तिथेही आमच्या मुलांनी गोष्टी सांगून टाळ्या मिळवल्या. दर गुरुवारी मी नव्या नोंदी करायची आणि मागची पानं उलटून बघायची. छाती कशी फुगून यायची!

आता माझ्या वर्गातली तीन मुलं तुम्हांला भेटवते. खरी नावं सांगणार नाही. त्यांना आपण राणी, चिमणी आणि बंड्या म्हणू.

राणी लखनौकडची. वक्तृत्व असो, पाठांतर असो, गणित असो, बक्षीस तिचंच. वहीत तिचं नाव लिहून लिहून माझा हात बसला होता. चिमणी केरळची. बोलली तर कळायचं की ती वर्गात आहे, आणि ती बोलायची कमीच. बंड्या मात्र आपला, सांगली जिल्ह्यातला. विट्याजवळचं एक खेडं त्याचं गाव. विटा-आटपाडीकडचे लोक सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या कामासाठी देशभर पांगले आहेत. त्याला गलाईचं काम म्हणतात. बंड्याचे बाबा तेच काम दुबईत, देरा भागातल्या सोन्याच्या बाजारात करत. तिथलं घरभाडं परवडत नाही म्हणून शारजात राहत.

नोव्हेंबरमध्ये शाळाशाळांची हिंदी कवितापाठाची स्पर्धा होती. वर्गातून एकच नाव पाठवायचं होतं. "कोण भाग घेणार?" असं मी विचारलं तेव्हा सहा-सात हात वर झाले. त्यांत बंड्याचा होता आणि, आश्चर्य म्हणजे, चिमणीचाही होता. मी क्षणभरही विचार न करता राणीचं नाव लिहिलं. राणी बक्षीस आणणार हे ठरलेलंच होतं. तिने आणलंही. बाकीचे हात खाली गेले. ते खाली जाताना मी पाहिलेसुद्धा नाहीत.

त्याच्या थोडं आधी, ऑक्टोबरमध्ये, बंड्याची आई मला शाळेच्या फाटकाशी भेटली होती. डोळे सुजलेले.

"बाई, ह्यांच्या दुकानातलं काम कमी झालंय. फेब्रुवारीपर्यंत दुसरं नाही मिळालं तर गावी जावं लागंल. आमचं काय, आम्ही जाऊ. पण ह्याचं काय? गावची शाळा मराठी. हा घरात मराठी बोलतो, पण वाचता कुठं येतंय त्याला? वर्गात बसणार कसा?"

तेव्हा माझ्या मनात आलं, अरे, हे तर आपल्याला येतं! लहान मुलाला मराठी वाचायला शिकवणं. याचसाठी तर आपण डी.एड. केलं होतं.

शाळा सुटल्यावर बस निघायला वीस-पंचवीस मिनिटं लागत. तेवढा वेळ आम्ही दोघं मागच्या बाकावर बसू लागलो. काम सोपं असेल असं मला वाटलं. हिंदीमुळे देवनागरी अक्षरं त्याला येतच होती. पहिल्या दिवशी मी त्याला एक वाक्य लिहायला सांगितलं. त्याने लिहिलं, 'माझी शाला मोठी आहे.'

"शाला नाही रे, शाळा."

"मी शाळाच म्हटलं ना मॅम!"

बरोबर होतं त्याचं. म्हणताना तो 'शाळा'च म्हणत होता. पण हिंदीच्या मुळाक्षरांत 'ळ' नाही, म्हणून लिहिताना 'ल'ने भागवत होता. त्याच्या जिभेवर एक अक्षर होतं आणि त्याच्या हाताला ते ठाऊकच नव्हतं!

मग मी माझं जुनं भांडवल बाहेर काढलं. डी.एड.ला असताना आम्ही वाळूची पाटी केली होती. ताटात वाळू पसरायची आणि बोटाने अक्षर गिरवायचं, म्हणजे बोटाला वळण लागतं. शारजात वाळूला काय तोटा! एका ट्रेमध्ये वाळू आणली आणि तिच्यात मी 'ळ' काढला.

"हा तर चष्मा आहे!" बंड्या म्हणाला. "दोरीवर वाळत घातलेला."

"आता हा चष्मा घालून घरातल्या वस्तू शोधून आण."

दुसऱ्या दिवशी त्याने यादी आणली. डाळ, केळं, गूळ, पोळी, पळी, झारी. झारीत 'ळ' नाही हे त्याचं त्यालाच सापडलं आणि तो खो खो हसला. तिसऱ्या दिवशी आणखी यादी. आभाळ, वादळ, सकाळ, माळ, बाळ. मग एके दिवशी तो फार गंभीर होऊन आला.

"मॅम, 'ळ'ने सुरू होणारा शब्दच सापडत नाही."

"नाहीच सापडणार. 'ळ' शब्दाच्या पहिल्या जागेवर बसत नाही. मधे नाही तर शेवटी. मुळाक्षरांतसुद्धा बघ, ह, ळ, क्ष, ज्ञ. शेवटून तिसरा."

"म्हणजे तो आपल्यासारखा मागच्या बाकावर!"

हे बोलणं ऐकत चिमणी केव्हा मागे येऊन उभी राहिली होती, कळलंच नाही. हळूच म्हणाली, "हे अक्षर आमच्याकडे पण आहे. आमच्या भाषेच्या नावातच आहे. मलयाळम." आणि तिने वाळूत आपल्या लिपीतला 'ळ' काढून दाखवला.

झालं! दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शोध सुरू. तामिळ मुलगा म्हणाला, आमच्यात आहे. तेलुगू मुलीने सांगितलं, आमच्यात आहे. कन्नड, गुजराती, पंजाबी, सगळ्यांनी आपापल्या घरी विचारून आणलं, आहे! बंगाली आणि उर्दू बोलणाऱ्यांकडे मात्र नव्हता. ऋग्वेदाच्या जुन्या संस्कृतातही 'ळ' आहे, हे मी त्यांना सांगितलं. राणीला तर तो उच्चारताच येईना. "केला, केला," करत राहिली. वर्ग हसला. राणीला हसण्याची सवय नव्हती, म्हणजे दुसऱ्यांनी तिला हसण्याची. ती रुसून बसली.

तुम्हांला आठवत असेल, त्याच महिन्यात, ३ ऑक्टोबर २०२४ ला, केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. इकडे एक मुलगा बसची वाट बघत वाळूत 'ळ' गिरवत होता.

जानेवारी उजाडला. वहीतल्या नावांची स्पेलिंगं तपासायची होती, म्हणून मी वही वर्गात नेली. मुलं भोवती गोळा झाली. "माझं नाव बघू, माझं नाव बघू!" गर्दी ओसरल्यावर चिमणी जवळ आली.

"मॅम, माझं नाव कुठल्या पानावर आहे?"

मी पानं उलटू लागले. एप्रिल, मे, जून... नाव नव्हतं. ते नाही हे मला माहीत होतं. तरी उलटत राहिले, कारण थांबले असते तर काहीतरी बोलावं लागलं असतं. शेवटी चिमणीच म्हणाली, "असू दे मॅम. घाई नाही." आणि जागेवर जाऊन बसली.

मुलांनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. मी वही घेऊन बसले आणि फक्त माझ्या वर्गाची मोजदाद केली. एकतीस मुलं. वहीत नावं चौदाच. त्यांत राणी अकरा वेळा. उरलेली सतरा मुलं वर्षभर रोज शाळेत आली, शिकली, वाढली आणि माझ्या वहीप्रमाणे त्यांनी काहीच केलं नव्हतं. बंड्या त्यांच्यातच. पुरात जिने चढणारा तो नववीतला मुलगाही नव्हता. नोव्हेंबरमधले ते वर आलेले हात मला आत्ता दिसले. दोष वहीचा नव्हता. कुणाला संधी द्यायची हे मी ठरवत होते आणि पुन्हा वहीत कुणाचं नाव आलं तेही मीच बघत होते. ज्याचं नाव आधीच वहीत आहे, त्यालाच पुढची संधी. मग नवं नाव येणार कुठून?

दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिकेची परवानगी घेऊन मी प्रत्येकाला एक कागद दिला. म्हटलं, "एप्रिलमध्ये जे येत नव्हतं आणि आता येतं, ते लिहा. शाळेतलं, घरातलं, काहीही. भाषा कुठलीही चालेल."

काय काय आलं म्हणून सांगू! 'मला माझी वेणी घालता येते.' 'बसमध्ये मला आता उलटी होत नाही.' 'मी दिवा बंद करून झोपतो.' 'माझं नाव मी अरबीत उजवीकडून लिहितो.' 'आई ड्यूटीवर असली की मी धाकट्या भावाला जेवू घालते.' हे शेवटचं चिमणीचं. तिची आई रुग्णालयात परिचारिका आहे, रात्रपाळी असते, हे मला वर्षाच्या दहाव्या महिन्यात कळलं. बंड्याने मोठ्या अक्षरांत दोनच शब्द लिहिले होते. 'ळ आला.'

एक कागद कोरा होता. राणीचा.

मला वाटलं, रुसली असेल. जवळ बोलावून विचारलं तर तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "मॅम, मला सगळं आधीपासूनच येत होतं."

अकरा नोंदींची मालकीण आणि कागद कोरा! मला वाटत होतं की माझ्यामुळे सतरा मुलांचं नुकसान झालं. आता कळलं, नुकसान अठरा मुलांचं झालं होतं. जे येतं तेच आम्ही राणीकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं. न येणारी गोष्ट करून बघायला, चुकायला, तिला वेळच दिला नाही.

"मग न येणारी एखादी गोष्ट निवड," मी म्हटलं.

तिने बराच वेळ विचार केला. मग बंड्याकडे बोट दाखवून म्हणाली, "तो चष्मा."

पुढचे पंधरा दिवस मागच्या बाकावर आम्ही चौघं होतो. बंड्या मास्तर झाला. "जीभ मागे ओढ, वर टाळूला लाव आणि सोड!" राणी "केला", "केडा", "केरा" करत राहायची आणि आता स्वतःच हसायची. चिमणी तिला मल्याळी शब्द द्यायची. कवितापाठातल्या पहिल्या क्रमांकापेक्षा राणी मला तेव्हा जास्त आनंदात दिसली.

ते सगळे कागद घेऊन मी पर्यवेक्षिका मॅडमकडे गेले. त्यांनी एकेक वाचला. चिमणीचा दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "अहवालात हे जाणार नाही. तिथे रकाने ठरलेले आहेत. आणि स्पर्धेत मुलांनी घाम गाळलाय, त्यांचं यशही खोटं नाही." तेही बरोबरच होतं. राणी पाठांतर करायची तेव्हा पहाटे उठून करायची, हे मला माहीत होतं. "पण स्नेहसंमेलनाच्या दिवशी सभागृहाबाहेरची भिंत रिकामी असते," त्या म्हणाल्या. "तिथे लावा."

फेब्रुवारीच्या मध्यावर बंड्या गेला. बाबांना दुसरं काम मिळालं नाही. स्नेहसंमेलन आठ दिवसांवर होतं, वार्षिक परीक्षा तोंडावर. शेवटच्या दिवशी त्याने फळ्यावर 'शाळा' लिहिलं आणि त्याच्याखाली 'फळा'. मग सगळ्यांनी त्याला हात केला आणि तो गेला. स्नेहसंमेलनाला अहवाल वाचला गेला, नावं पुकारली गेली, टाळ्या झाल्या. बाहेरच्या भिंतीसमोर काही आई-बाबा बराच वेळ उभे होते. एक बाबा आपल्या मुलाचा कागद वाचून म्हणाले, "अंधाराची भीती गेली? आम्हांला बोलला नाही कधी!" नववीतल्या त्या मुलाला आणि त्याच्या बहिणीलाही मी एकेक कागद लिहायला लावला होता. मुलाने लिहिलं होतं, 'आमच्या इमारतीला एकशे बारा पायऱ्या आहेत.'

मार्चच्या शेवटी माझ्या फोनवर एक फोटो आला. वहीचं पान, दुरेघी, वेडंवाकडं अक्षर. जसंच्या तसं देते.

'बाई, नमस्कार. इथे सगळे बाई म्हणतात म्हणून मी पण बाई लिहिलं. इथे खूप ळ आहेत. शाळेत डाळ आणि उसळ मिळते. मला वाचायला वेळ लागतो. बाईंनी मला आधी दुसरीच्या मुलांबरोबर वाचायला बसवलं. मला रडू आलं. आता परत तिसरीत बसतो. गणितात मी पाच चुकून अरबी लिहिला. बाईंना तो शून्य वाटला. मार्क गेला. मग मी सांगितलं तर बाईंनी मला फळ्यावर सगळे अरबी आकडे लिहायला सांगितले. राणीला ळ आला का?'

मी ते पान राणीला दाखवलं. तिला ते वाचता येत होतंच. देवनागरीच ती! शेवटच्या ओळीशी ती थांबली. मग माझ्या फोनवरून तिने बंड्यासाठी आपल्या आवाजात निरोप पाठवला. "अभी नहीं आया. लेकिन आएगा." निरोप संपता संपता तिने एकदा प्रयत्न करून बघितला. 'केळं' नव्हे, पण 'केला'ही नव्हे. मधलंच काहीतरी!

निळी वही अजून माझ्याकडेच आहे. तिचे चार रकाने तसेच आहेत आणि त्यांत मी आनंदाने नावं लिहिते. पण शेवटची दहा पानं मी वेगळी आखून ठेवली आहेत. तिथे दोनच रकाने आहेत. 'येत नव्हतं' आणि 'येतं'. आणि स्पर्धेला नाव द्यायची वेळ आली की आधी सगळे वर झालेले हात मोजते.

आई-बाबांनो, तुमच्या मुलाचं प्रगतिपुस्तक हातात पडेल तेव्हा गुण बघाच. पण एकदा त्याला हाही प्रश्न विचारा, की गेल्या वर्षी येत नव्हतं असं काय आता येतं? उत्तर ऐकायला मात्र थोडं थांबा. शेवटून तिसऱ्या अक्षरापर्यंत पोचायला वेळ लागतो.

आणि मुलांनो, तुम्ही आजच एक कागद घ्या. वर तारीख घाला आणि लिहा. कागद भरला तर छानच. कोरा राहिला तरी घाबरू नका. राणीसारखा एखादा चष्मा शोधा.